सरकारमान्य डिस्काउंट

एक गणित सांगतो. मोटार वाहन कायदा, कलम १९४-अ. प्रवासी गाडीत परवान्यापेक्षा जास्त माणसं भरली तर दंड किती? दर जादा माणसामागे दोनशे रुपये. गेल्या गणपतीत बोरिवलीहून माणगावला येताना एका ट्रॅव्हल्सवाल्याने (नाव घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी) माझ्याकडून चौदाशे घेतले. वर मधल्या पॅसेजमध्ये प्लास्टिकचे स्टूल टाकून सहा माणसं बसवली, त्यांच्याकडून हजार-हजार. पकडला गेला असता तर दंड बाराशे. गल्ला सहा हजार. पकडला गेला नाही, ती गोष्ट वेगळी.

कायद्यात असंही लिहिलंय की अशी गाडी थांबवायची आणि जादा माणसांची दुसरी सोय झाल्याशिवाय पुढे सोडायची नाही. रात्री दोन वाजता, धो-धो पावसात, वडखळ नाक्यावर सहा माणसांची दुसरी सोय कोण करतंय ते मला दाखवा. शेवटी उरतात ते दोनशे रुपयेच.

मंडळी, ह्याला दंड म्हणत नाहीत. ह्याला खर्च म्हणतात, डिझेल आणि टोलसारखा. फरक एवढाच की डिझेल आणि टोल दरवर्षी महाग होतात, आणि हा खर्च दरवर्षी स्वस्त होतो.

स्वस्त कसा? दोनशेचे दोनशेच आहेत की! हाच तर मुद्दा आहे. ते २०१९ चे दोनशे आहेत.

आता बघा, हाच ट्रॅव्हल्सवाला भाडं किती घेऊ शकतो? राज्य सरकारच्या २७ एप्रिल २०१८ च्या जीआरप्रमाणे एसटीच्या तशाच गाडीच्या दर किलोमीटर भाड्याच्या जास्तीत जास्त दीडपट. (गणपतीत हा जीआर कुठल्या खुंटीला टांगलेला असतो ते विचारू नका.) एसटीचं भाडं कसं ठरतं? हकीम समितीच्या सूत्राने. डिझेल, टायर, चासिस, महागाई भत्ता हे सगळं त्यात घालायचं, हँडल फिरवायचं, आकडा बाहेर. ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के वाढ, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के. दोन्ही मिळून जवळपास पस्तीस टक्के. एसटी वाढली की खासगीवाल्याची दीडपटही आपोआप वाढते, त्याला अर्जसुद्धा करावा लागत नाही. म्हणजे त्याच्या कमाईच्या मर्यादेला महागाईचं सूत्र जोडलेलं आहे, त्याच्या दंडाला नाही.

बाकी ठिकाणीही हेच. मुंबईतल्या रिक्षा-टॅक्सीला खटुआ समितीचं सूत्र आहे. राष्ट्रीय महामार्गावरचा टोल २००८ च्या नियमांनुसार दर १ एप्रिलला वाढतो: तीन टक्के ठरलेले, शिवाय घाऊक महागाईच्या चाळीस टक्के. सरकारी नोकराला महागाई भत्ता आहे. तुम्ही जुलै २०२४ च्या आधी घेतलेला फ्लॅट विकलात तर इन्कम टॅक्सवाल्यांचा कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स आहे. सरकारला पैसे द्यायचे असोत की घ्यायचे असोत, महागाई बरोबर आठवते. फक्त दंडाच्या पानावर आलं की सरकारचं घड्याळ बंद पडतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा हार्ड-कोडिंगचा प्रॉब्लेम आहे. ऑफिसात नव्या पोराने कोडमध्ये टॅक्सचा दर थेट आकड्यात लिहिला तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याची सालं काढतो. "उद्या बदलला तर? कॉन्फिगमध्ये टाक." आपली संसद मात्र वर्षानुवर्षं कायद्यात थेट "शंभर रुपये" लिहिते आणि मग तीस वर्षं तो कोड उघडून बघत नाही.

खरंच तीस. १९८८ च्या कायद्यात कलम १७७, म्हणजे ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्याचं सरसकट कलम: पहिल्यांदा शंभर रुपयांपर्यंत, पुन्हा केला तर तीनशेपर्यंत. २०१९ पर्यंत हेच आकडे. मी वर म्हटलेला इन्कम टॅक्सचा इंडेक्स घेऊन बसलो. १९८८-८९ ला तो १६१ होता, २००१-०२ ला ४२६. तिथे पाया बदलून १०० केला, मग २०१९-२० ला २८९ आणि २०२५-२६ ला ३७६. साखळी जोडली की १९८८ चे शंभर रुपये २०२५-२६ चे ९९५ होतात. आणि हा इंडेक्स मुळात ग्राहक महागाईच्या पाऊणपटच धरतो, म्हणजे हे हात राखून केलेलं गणित. २०१९ मध्ये शंभरचे पाचशे केले तेव्हा "पाचपट! पाचपट!" म्हणून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? त्या वर्षीचा हिशोब ७६५ चा होता. पाचपट करूनही १९८८ इतका दंड झाला नव्हता.

जुन्या कायद्यातला आणखी एक नमुना बघा. कलम १८३, वेगमर्यादा. गाडी जोरात हाकणाऱ्या ड्रायव्हरला पहिल्या वेळी चारशेपर्यंत दंड. आणि त्याला तसं हाकायला लावणाऱ्या मालकाला? तीनशेपर्यंत! "हाण रे, सकाळी सहाच्या आत पोचली पाहिजे" असं फोनवर सांगणारा माणूस स्टिअरिंगवरच्या माणसापेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त. हे २०१९ मध्ये दुरुस्त झालं. आता जड वाहनाला दोन ते चार हजार, हाकणारा असो की हाकायला लावणारा. ठीक आहे, उशिरा का होईना.

पण माझा खरा राग ओव्हरलोडवर आहे, आणि त्यासाठी माणगावात यावं लागेल.

आमचं गाव म्हणजे तीन रस्त्यांची गाठ. मुंबई-गोवा हायवे बाजारपेठेतून जातो, ताम्हिणी उतरून पुण्याचा रस्ता येऊन मिळतो, आणि श्रीवर्धन-दिघीकडे जायला इथूनच वळायचं. वर विळे-भागाडची एमआयडीसी. शनिवारी सकाळी बाजारात उभे राहिलात तर गोव्याला निघालेल्या गाड्या, हरिहरेश्वरला निघालेल्या गाड्या आणि त्यांच्यामध्ये पोट फुगलेले ट्रक-ट्रेलर, सगळे एका ओळीत हॉर्न वाजवत उभे. हायवेचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यावर आज बोलत नाही, बीपी वाढतं.

आमच्या ओळखीचे एक काका ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहेत. त्यांना म्हटलं, "काका, ओव्हरलोडचा दंड वीस हजार झाला, परवडतो का हो?" ते हसले. "अरे बाळा, आम्ही भाडं सांगतानाच पावती धरून सांगतो. रोज थोडीच पकडतात? आणि भरायचीच तर थोडी कशाला भरायची?"

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा कळलं नाही. घरी येऊन कायदा काढला, एक्सेल उघडलं, आणि कळलं.

१९९४ च्या दुरुस्तीनुसार ओव्हरलोडला दंड होता किमान दोन हजार, अधिक दर जादा टनाला एक हजार. २०१९ मध्ये झाला वीस हजार, अधिक दर टनाला दोन हजार. पेपरात हेडलाइन काय आली? "दहापट दंड." पण दहापट झाला तो पहिला आकडा. टनाचा दर फक्त दुप्पट. १९९४ ते २०१९ मध्ये तोच इंडेक्स पावणेपाच पट झाला होता. म्हणजे दर टनाचा दंड खऱ्या किमतीत निम्म्याहून खाली आला!

आता दोन गाड्या घ्या. एकात एक टन जास्त. जुना दंड ३,०००, महागाई धरून २०१९ मध्ये व्हायला हवा होता साधारण १४,०००, झाला २२,०००. दुसरीत दहा टन जास्त. जुना दंड १२,०००, महागाई धरून व्हायला हवा होता ५७,०००, झाला ४०,०००. सीमारेषा साधारण चार टनांवर येते. चार टनांच्या आत जास्त भरणाऱ्याची शिक्षा वाढली, चार टनांच्या पुढे भरणाऱ्याची घटली. जो चुकून दोन-चार पोती जास्त टाकतो तो मेला, आणि जो ठरवून अख्खी दुसरी गाडीच वर चढवतो त्याला सवलत. आणि आज? २०२५-२६ च्या भावाने त्या दहा टनांचे ७४,००० व्हायला हवेत. कायद्यात अजून ४०,०००. काकांनी एक्सेल न उघडता हे काढलं होतं.

(२०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादाही वाढवून दिली. तीन एक्सलचा ट्रक पंचवीस टनांवरून साडेअठ्ठावीसवर. म्हणजे "मर्यादाच जुनी आहे हो" ही तक्रारही आता शिल्लक नाही.)

यावर तुम्ही म्हणाल, मग कायद्यात सोय करायला हवी होती. गंमत ऐका. सोय केलेली आहे! २०१९ च्याच दुरुस्तीत कलम १९९-ब घातलंय: दर वर्षी १ एप्रिलला दंड जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येतील, केंद्र सरकारने अधिसूचना काढली की झालं. संसदेत जायला नको, विधेयक नको, भाषणं नकोत. कॉन्फिग फाईल तयार आहे, फक्त कुणीतरी व्हॅल्यू भरायची आहे. २०२० चा एप्रिल गेला. लॉकडाऊन होता, माफ. २०२१ चा गेला, २०२२, २३, २४, २५ चा गेला. वीस हजार ते वीस हजारच, दोनशे ते दोनशेच. त्या प्रत्येक १ एप्रिलच्या टोलच्या नियमात मात्र वाढ लिहिलेली होती. दोन्ही खाती एकाच मंत्रालयाची, बरं का. नितीन गडकरी २०१४ पासून तिथे आहेत. हे विधेयक २०१६ मध्ये मांडून, ते बारगळल्यावर २०१९ मध्ये पुन्हा आणून त्यांनीच चिकाटीने मंजूर करून घेतलं. म्हणून जास्त खटकतं.

महाराष्ट्राने तर कहरच केला. नवे दंड १ सप्टेंबर २०१९ ला लागू व्हायचे, आणि ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक. तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी अंमलबजावणी थांबवली आणि दंड फार आहेत असं केंद्राला कळवलं. शेजारी गुजरातने परस्पर कापून टाकले. आपल्याकडे वाढीव तडजोड शुल्क आलं ते डिसेंबर २०२१ मध्ये, सरकार बदलल्यावर.

मला रावत्यांचा राग येत नाही. तीस वर्षं झोपून एका रात्रीत पाचपट-दहापट केलं तर कुठलाही राजकारणी घाबरणारच. दरवर्षी चार-पाच टक्के वाढले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. दोनशेचे दोनशे दहा झाले म्हणून कोण चक्का जाम करतो?

एक जुना आक्षेप आहे: दंड वाढला की चिरीमिरी वाढते. खरं आहे, हायवेवर राहणाऱ्याला हे सांगायला नको. पण महागाईबरोबर चालणारा दंड वाढत नसतो, तो जागच्या जागी राहतो. वाढवा असं मी म्हणतच नाहीये. दरवर्षी गुपचूप कमी करू नका एवढंच म्हणतोय. आणि ट्रॅफिक हवालदाराच्या चिरीमिरीला महागाई लागत नाही असं ज्याला वाटतं त्याने एकदा हायवेवर गाडी चालवून बघावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: दंड कागदावर कंपनीचा, कापला जातो ड्रायव्हरच्या पगारातून. ह्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कलम १९४ मध्ये गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघेही आहेत, पण चलनाचा मेसेज आला की मालक तो ड्रायव्हरला फॉरवर्ड करतो. हे थांबवायला वेगळा कायदा लागेल. पण ड्रायव्हर पिळला जातो म्हणून मालकाला दरवर्षी सूट द्या, हे काही पटत नाही.

बाहेर हे कसं करतात? अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने प्रत्येक केंद्रीय खात्याला आपले दिवाणी दंड दरवर्षी १५ जानेवारीच्या आत महागाईप्रमाणे वाढवणं बंधनकारक केलं. त्यात ट्रक कंपन्या आणि विमान कंपन्यांवरचे दंडही आले. तिथे "वाढवता येतील" नाही, "वाढवावेत" आहे. ऑस्ट्रेलियाची युक्ती मला आणखी आवडली. तिथल्या केंद्रीय कायद्यात रक्कम लिहीतच नाहीत, "इतके पेनल्टी युनिट" लिहितात. युनिटची किंमत एकाच ठिकाणी. १९९७ मध्ये ते ११० डॉलर होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ३३०. एक व्हेरिएबल बदललं की अख्खा कायदा अपडेट. ज्याने हे सुचवलं तो मागच्या जन्मी प्रोग्रामर असणार.

१९ जानेवारी २०२३ च्या पहाटे आमच्या तालुक्यात रेपोलीजवळ ट्रक आणि व्हॅनची धडक होऊन नऊ माणसं जागच्या जागी गेली. २० डिसेंबर २०२४ ला ताम्हिणीत लग्नाच्या वऱ्हाडाची बस उलटून पाच गेली. दंड कमी होता म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण ह्या रस्त्यावर मालकाला नियम पाळायला लावणाऱ्या गोष्टी मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातल्या एकीची किंमत आपण दरवर्षी उतरवतोय.

त्यात १९९-ब मध्ये एक गोची आहे. दहा टक्क्यांची मर्यादा दर वर्षाची आहे. गेलेल्या सहा वर्षांची थकबाकी एकदम वसूल करायची सोय मला तरी त्यात दिसत नाही. २०१९ च्या वीस हजारांची आजची बरोबरी २६,००० आहे. सहाही वर्षं पूर्ण दहा टक्के वापरले असते तर आकडा ३५,००० च्या वर गेला असता, म्हणजे जागा भरपूर होती. आता येत्या १ एप्रिलपासून दरवर्षी पूर्ण दहा टक्के वाढवले आणि महागाई चार टक्क्यांच्या आसपास राहिली, तरी २०१९ च्या पातळीला परत यायला साधारण पाच वर्षं लागतील.