संशोधन जनतेचे, मक्तेदारी कोणाची?

नवे औषध इतके महाग का, असे विचारले की औषधकंपन्यांचे उत्तर ठरलेले असते : संशोधनाला खर्च येतो, नफ्याची हमी नसेल तर शोध लागणार नाहीत. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाविषयीचे ज्ञान कसे साठत गेले हे पाहिले, तर या युक्तिवादाचा पाया किती ठिसूळ आहे ते ध्यानात येते.

पुरुषी संप्रेरकांचा पुरवठा तोडला की हा रोग मागे हटतो, हे शिकागो विद्यापीठाच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरक पेशीतील एका ग्राही प्रथिनाला चिकटते आणि ही जोडी पेशीकेंद्रात जाऊन वाढीची जनुके जागी करते. या ग्राही प्रथिनाचे जनुक १९८८ साली शिकागो व नॉर्थ कॅरोलिना येथील विद्यापीठांत हाती आले. पुरवठा तोडूनही रोग पुन्हा का उलटतो? कर्कपेशी ते प्रथिन जादा बनवतात, कधी त्याच्या जनुकाच्या प्रतीच वाढवतात, आणि संप्रेरकाच्या लवलेशावर जगतात. अशा रोगात संप्रेरकाच्या हुकमतीखालील एका जनुकाचा तुकडा दुसऱ्या जनुकाला जोडला गेलेला असतो, असे २००५ साली मिशिगन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दाखवले. ही जोडणी सुमारे निम्म्या रुग्णांत सापडते. या साखळीतील एकही कडी कोणा कंपनीने घडवलेली नाही. ती विद्यापीठांत, मुख्यतः सरकारी अनुदानांवर आणि देणग्यांवर घडली.

याच ज्ञानातून त्या ग्राही प्रथिनालाच अडवणारे एन्झालुटामाइड हे औषध निघाले. तेही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत, अमेरिकन सरकारच्या अनुदानावर. २०१२ साली ते बाजारात आले तेव्हा महिन्याची किंमत ७,४५० डॉलर होती! सरकारी पैशातून लागलेला शोध जनतेला वाजवी अटींवर मिळत नसेल तर इतरांना उत्पादनाचा परवाना देण्याचा अधिकार १९८० च्या बेह-डोल कायद्याने अमेरिकन सरकारला दिला आहे. तो वापरावा अशी मागणी झाली; २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये ती फेटाळली गेली.

कंपनीने माणसांवरील चाचण्यांचा खर्च केला, हे खरे. तो भरून द्यावा, त्यावर रास्त परतावाही द्यावा. परंतु किंमत खर्चावरून ठरलेली नाही. २०१६ साली विद्यापीठ व सहहक्कदारांनी या औषधावरील स्वामित्वधनाचा हक्क १ अब्ज डॉलरहून अधिक रकमेला एका वित्तसंस्थेला विकला. त्याच वर्षी फायझरने औषधाची मूळ कंपनी सुमारे १४ अब्ज डॉलरना विकत घेतली. या रकमा संशोधनाच्या नव्हेत. पुढे वसूल होणाऱ्या मक्तेदारी-खंडाचे ते आजचे मोल आहे. आधी खंडाची किंमत लावायची आणि मग तीच खर्च म्हणून रुग्णापुढे ठेवायची, हे कसले अर्थशास्त्र?

जनुकांचीही हीच कथा. बीआरसीए-२ या जनुकात वडिलोपार्जित दोष असेल तर प्रोस्टेटचा कर्करोग अधिक आक्रमक होतो, आणि उपचारही त्यावरून ठरतो. १९९५ साली ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च या धर्मादाय संस्थेच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी हे जनुक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील मिरियड कंपनीने त्यावर पेटंटचे कुंपण घातले. निसर्गातील जनुक केवळ वेगळे काढल्याने तो शोध ठरत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगेपर्यंत २०१३ साल उजाडले.

भारताने वेगळी वाट चोखाळली होती. १९७० च्या कायद्याने औषधाच्या केवळ प्रक्रियेला पेटंट दिले आणि देशी उद्योग उभा राहिला. २००५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी वस्तूचे पेटंट परत आले. तरीही पेटंट देण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याचा हक्क कायद्यात राहिला. अशाच हरकतींनंतर २०१६ साली दिल्लीच्या पेटंट कार्यालयाने एन्झालुटामाइडचा अर्ज नाकारला. जनतेच्या पैशावर चालणारे ते विद्यापीठ त्याविरुद्ध भारतातील न्यायालयात गेले, हे विशेष! आज देशी कंपन्यांच्या गोळ्या येथे मिळतात, त्यामागे हा हक्क आहे.

आणि नेमक्या याच हक्कावर २०२४ च्या पेटंट नियमांनी घाव घातला. हरकतीला शुल्क लावले आणि ती सुनावणीस घ्यावी की नाही हे आधीच ठरवण्याची मुभा नियंत्रकाला दिली. रुग्णाच्या बाजूने उभे राहायचे तर आधी पैसे मोजा, असा याचा अर्थ. हे नियम मागे घेतलेच पाहिजेत. त्याबरोबरच जिल्हा रुग्णालयापर्यंत जनुकीय चाचणी मोफत पोहोचली पाहिजे, आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडने एकत्रित औषधखरेदीने किमती उतरवून दाखवल्या तशी खरेदी राज्य सरकारांनीही केली पाहिजे. या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी आमदार-खासदारांच्या दारी जावे. पेशीचे रहस्य जनतेच्या पैशाने उलगडले. त्याच्या औषधासाठी शेतकऱ्याने जमीन विकावी, हे कोणत्या न्यायात बसते?