मृत कलमाची किंमत

केंदूरच्या पारावर कुणी पुढाऱ्याला चार शब्द सुनावले, तर ते वाऱ्यावर विरतात. तेच मोबाईलवर लिहिले, तर पुरावा ठरतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या तरुणीला अटक झाली. तो मजकूर नुसता पसंत करणारी मैत्रीणही सुटली नाही! त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. तरीही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवीत राहिले. ते खटले बंद करण्याचा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा द्यावा लागला. आरोपी अखेर सुटतो, हे खरे. परंतु दरम्यानचा जामीन, वकील, बुडालेली रोजंदारी यांचा खर्च शेतमजुराने कोठून भरायचा? रद्द कलम लावणाऱ्या अधिकाऱ्याच्या वेतनातून तो वसूल झाला पाहिजे.