होम थिएटर घेताना आधी संवादांचा विचार करा

मागच्या वर्षी आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सिडनीला आले होते. आम्ही वेंटवर्थव्हिलला भाड्याच्या युनिटमध्ये राहतो. आम्ही दोघं कामावर गेलो की दिवसभर त्यांना सोबत टीव्हीची. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरी आलो, तर बाबा मराठी सिनेमा बघत होते आणि खाली इंग्रजी सबटायटल्स चालू होती. मी विचारलं तर म्हणाले, "अरे, हल्लीचे नट पुटपुटतात. आणि माझे कानही आता तसेच." आयुष्यभर पुढच्या रांगेत बसून नाटकं पाहिलेला माणूस मराठी संवाद इंग्रजीतून वाचत होता. मला ते बघवेना.

दोन आठवडे मीही "वय झालं, चालायचंच" असं धरून चाललो होतो. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलेला, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारा मी, पण घरातली चूक मला दिसली नाही. कारण ती माझीच होती.

झालं असं, की काही महिन्यांपूर्वी मी जुना एव्ही रिसीव्हर, दोन स्पीकर आणि एक दणदणीत सबवूफर घेतला होता. मधला, म्हणजे सेंटर स्पीकर "नंतर बघू" म्हणून राहिला. पण रिसीव्हरच्या मेन्यूत सेंटर "आहे" असंच सेटिंग होतं. फाइव्ह पॉइंट वनमध्ये सिनेमाचे संवाद मुख्यतः सेंटर चॅनेलमधून येतात. म्हणजे आमच्या घरी सगळी पात्रं एका रिकाम्या टर्मिनलमध्ये बोलत होती! बाबांच्या कानावर येत होतं ते पार्श्वसंगीत आणि संवादांचा उरलासुरला भाग. आम्ही दोघं बहुतेक क्रिकेट आणि यूट्यूब बघायचो. तो आवाज दोनच चॅनेलचा, त्यामुळे आमच्या लक्षातच आलं नाही. मेन्यूत सेंटर "नाही" केला, तसे संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटले गेले. त्या रात्री बाबांनी सबटायटल्स स्वतःच बंद केली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, की आपण होम थिएटर चुकीच्या टोकापासून विकत घेतो. आपली पिढी खोक्यावर हजारो वॅट पीएमपीओ छापलेले स्पीकर बघत वाढली. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता, पण "किती वॅट?" हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. इथेही शनिवारी मित्र जेवायला आले की आपण काय ऐकवतो? स्फोट. काच थरथरली की पैसे वसूल. पण त्या टीव्हीसमोर सगळ्यात जास्त वेळ बसणाऱ्या माणसाला थरथरणारी काच नको असते, बोलणं कळायला हवं असतं.

म्हणून बजेट लहान असेल तर खर्चाचा क्रम बदला. आधी समोरचे दोन चांगले स्पीकर आणि रिसीव्हर. मग सेंटर, शक्यतो त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला, म्हणजे आवाजाचा पोत जुळतो. सबवूफर त्यानंतर आणि मागचे दोन सगळ्यात शेवटी. माझे रिसीव्हरचे १२०, दोन स्पीकरचे १०० आणि नंतर सेंटरचे ७० डॉलर झाले. सगळं सेकंडहँड.

जुने स्पीकर घ्यायला कचरू नका. बंदिस्त किंवा भोकाच्या खोक्यात स्पीकर कसा वागेल, याचं आज जगभर वापरलं जाणारं गणित इथल्याच मातीतलं आहे. ब्रिस्बेनला जन्मलेल्या नेव्हिल थीलने १९६१ साली त्यावर निबंध लिहिला आणि पुढे रिचर्ड स्मॉलने सिडनी विद्यापीठात ते काम वाढवलं. स्पीकरच्या माहितीपत्रकात थील-स्मॉल नावाने जे आकडे येतात, ते हेच. रिसीव्हर एचडीएमआयच्या नव्या आवृत्तीसोबत जुना होतो, चांगला स्पीकर तसा होत नाही. फक्त कोनच्या कडेचा फोम विरलेला नाही ना ते बघा आणि ओळखीचं एखादं गाणं लावून दोन्ही नीट ऐका.

खोक्यावरचे दोन आकडे मात्र वाचाच. पहिला ओहम. साध्या रिसीव्हरला ८ किंवा ६ ओहमचे स्पीकर सोयीचे. ४ ओहमचे जास्त करंट ओढतात आणि रिसीव्हर तापतो. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. वॅटच्या मागे धावण्यापेक्षा हे तीन डेसिबल स्वस्त पडतात.

जोडणी अवघड नाही, पण घाईची नाही. दहा मीटरच्या आतल्या अंतराला १.५ स्क्वेअर मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. सोन्याच्या भावाची वायर नको. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते, पण तिचा रोध जास्त. लाल टर्मिनल लालला आणि काळं काळ्याला. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली, तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा बेस खातात आणि आवाज पोकळ वाटतो. जुन्या स्पीकरचे रंग पुसले असतील तर रिसीव्हरची वायर काढून पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला, तर सेलचं अधिक टोक लागलंय ते लाल.

टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत एचडीएमआय एआरसी असेल तर उत्तम, नाही तर ऑप्टिकल केबल. मग टीव्हीच्या मेन्यूतून फाइव्ह पॉइंट वन बाहेर जातंय का ते बघा. लहान स्पीकर आणि सबवूफर असेल तर क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा. सेंटर कानाच्या उंचीला किंवा तिकडे थोडा तिरपा करा आणि त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. रात्री नाइट मोड लावा. त्याने दणके दबतात आणि कुजबुज वर येते. शेजाऱ्यांसाठीही ते बरं. न्यू साउथ वेल्समध्ये आठवड्यातल्या बहुतेक दिवशी रात्री दहानंतर तुमच्या स्पीकरचा आवाज शेजारच्या खोलीत जाता कामा नये असा नियम आहे. शुक्रवार-शनिवारी ही मुदत मध्यरात्रीपर्यंत. आणि प्लायवुड-प्लास्टरबोर्डच्या भिंतींतून सगळ्यात आधी पलीकडे जातो तो बेसच.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, साउंडबार आणा. आणा की. भाड्याचं घर, लहान मुलं, वायरींचा कंटाळा, ही कारणं खरी आहेत. पण मग सेंटरचा वेगळा स्पीकर असलेला, थ्री पॉइंट वनचा बघा आणि दुकानात स्फोटाऐवजी दोन माणसांचं बोलणं लावायला सांगा.

एक गोष्ट मात्र स्पीकरवर ढकलू नका. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात आणि स, श, त, फ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. म्हणून "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" ही तक्रार खरोखर कानाचीही असू शकते. बाबांनी पुण्याला परतल्यावर तपासणी करून घेतली. उजव्या कानात थोडी कमतरता निघाली. म्हणजे दोष माझा होता, तसा थोडा कानाचाही होता. पण मी सेटिंग न बघताच सगळं त्यांच्या वयावर टाकलं होतं, ही बोच अजून आहे.

आता माझ्याकडे सेंटर आहे, मागचे दोन अजून नाहीत. त्यांच्यावाचून काही अडलेलं नाही. पुढच्या वेळी घरी जाल, किंवा आई-वडील तुमच्याकडे येतील, तेव्हा दहा मिनिटं त्यांच्या खुर्चीत बसा. सबटायटल्स बंद करा, आवाज त्यांच्या नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि बोलणं कळतंय का ते बघा. नाही कळलं, तर नवीन काही विकत घ्यायच्या आधी मेन्यू उघडा.