पॉवर बँक चेक-इन बॅगेत का चालत नाही?

मंडणगड, दापोली, खेडमधल्या अनेक घरांतली माणसं नोकरीसाठी आखातात आहेत. सुट्टी संपवून परतताना मुंबई विमानतळावर त्यांची बॅग एका पॉवर बँकेमुळे अडू शकते.

कारण काय?
पॉवर बँकेत लिथियम बॅटरी असते. ती बिघडली तर तापून पेट घेऊ शकते. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, कर्मचारी आग विझवू शकतात. विमानाच्या पोटातल्या सामानापर्यंत उडत्या विमानात कुणी पोहोचू शकत नाही. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हँडबॅगेतच ठेवायच्या.

मर्यादा किती?
साधारणपणे १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी हवी. त्यापुढे बंदी. हिशेब सोपा आहे: एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००. म्हणजे २०,००० एमएएचचे ७४ वॅट-अवर होतात.

कंपनीचे नियम याहून कडक असू शकतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्समध्ये १०० वॅट-अवरखालची एकच पॉवर बँक नेता येते, पण विमानात वापरता येत नाही.

लॅपटॉप वेगळा का?
एक्स-रेमध्ये त्याच्या दाट भागांआड दुसरी वस्तू लपू शकते.

विमान चुकलं तर कामावर हजर होण्याची तारीखही हुकते. त्यामुळे बॅग घरीच तपासा.