चौकातला चकवा

रानात वाट चुकलेल्या माणसाला चकवा लागला, असे पूर्वी म्हणत. कितीही चालला तरी तो फिरून त्याच झाडाखाली येई. हा चकवा आता रानातून उठून पुण्याच्या वेशीवर, चांदणी चौकात येऊन बसला आहे! 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर तेथला जुना पूल स्फोटाने पाडण्यात आला आणि 12 ऑगस्ट 2023 रोजी नव्या पुलाचे उद्घाटन झाले. जुनी कोंडी फुटली, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु महामार्ग, कोथरूड, बावधन, पाषाण आणि मुळशी यांच्या वाटा जेथे एकमेकींच्या अंगाखांद्यावरून जातात, तेथे नवखा वाहनचालक फोनमधील नकाशावर विसंबून शिरतो आणि नेमका फाटा मागे पडल्यावर त्यास कळते की, आपण भलत्याच रस्त्याला लागलो. मग कोणी लांबचा वळसा घेतो, तर कोणी गाडी तेथेच मागे घेतो. पहिल्याचा वेळ जातो. दुसऱ्यामुळे एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

हे असे कां व्हावे? फोनमधील नकाशात रस्ता म्हणजे बिंदूंना जोडणारी एक रेघ. दोन रेघांचा बिंदू एकच असेल तर तेथे वळता येते, असे यंत्र समजते. एक रेघ दुसरीवरून नुसतीच गेली असेल, तर तो पूल. मध्ये दुभाजक आला की एका रस्त्याच्या दोन रेघा होतात. परंतु केवळ रंगाच्या पट्ट्यांनी विभागलेल्या मार्गिकांना बहुधा स्वतंत्र रेघ नसते. मार्गिका किती, डावीकडची कोठे वळते, मधली सरळ जाते काय, उजवे वळण कोणास बंद आहे, ही सारी माहिती त्या रेघेला पुरवणीसारखी जोडावी लागते. पुरवणी नसेल तर यंत्र 'डावीकडे वळा' एवढेच सांगते. डावीकडे दोन फाटे एकाशेजारी एक असले, तर बिचाऱ्या चालकाने काय करावे?

उपग्रह सर्व पाहतो, या भ्रमात कोणी राहू नये. मोकळ्या आकाशाखालीही साध्या फोनला आपले स्थान सुमारे 5 मीटरच्या फरकाने कळते, आणि आपल्याकडे मार्गिकेची प्रमाण रुंदी आहे 3.5 मीटर! गाडी कोणत्या मार्गिकेत आहे, हे फोनला खात्रीने ठाऊक नसते. ती कोणत्या मार्गिकेत असावयास हवी, हे मात्र तो चौक येण्यापूर्वी सांगू शकतो. पण ते नकाशात कोणी लिहिले असेल तरच.

मग ते लिहावयाचे कोणी? 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जगभरचे स्वयंसेवक पदरमोड करून अशा नोंदी करतात. त्यांचे ऋण आम्ही मानतो. परंतु ज्याने रस्त्यावर पट्टे ओढले, त्याच्याइतके अचूक दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? चौकाचा आराखडा रस्ता बांधण्यापूर्वीच सरकारी कचेरीत तयार असतो. 2021 साली केंद्र सरकारने नकाशांवरील जुनी बंधनेही सैल केली. तरीही वाहतुकीतील बदल आजही वृत्तपत्रात निवेदन देऊन जाहीर होतात. माणूस ते वाचील. यंत्राने ते कसे समजून घ्यावे? नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अपुऱ्या पुलावरून मोटार कोसळून तीन जण प्राणास मुकले. पूल पुराने खचला होता. नकाशात मात्र तो शाबूत होता. त्यानंतरची चौकशी म्हणजे वरातीमागून घोडे!

कोणी म्हणेल, पुणेकर मार्गिकेची शिस्त पाळतात कोठे, की तिचे नकाशे काढावेत? शिस्त पाळत नाहीत, हे खरे आहे. परंतु ज्यास आपली मार्गिका वेळेवर कळलीच नाही, त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. आधी सांगा आणि मग दंड करा.

आमची मागणी साधी आहे. महापालिका असो, महामार्ग प्राधिकरण असो की वाहतूक पोलीस, ज्याने चौक बदलला त्याने त्याच दिवशी मार्गिकांसह त्याचा नकाशा यंत्रास वाचता येईल अशा स्वरूपात सर्वांस खुला करावा. रस्त्यावरील पट्टे, बाण आणि फलक त्याच्याशी जुळते ठेवावेत; कारण जे रस्त्यावरच पुसले गेले आहे, ते नकाशात लिहून काय उपयोग? आणि त्या नकाशात पायी चालणाऱ्याची वाटही दाखवावी. तोही या शहराचा नागरिक आहे.

पूल बांधला म्हणजे काम संपले, असे मानण्याचे दिवस गेले. तो कोठून चढावा आणि कोठे उतरावा, हे परक्या गावच्या माणसालाही वेळेवर कळेल, तेव्हाच तो पूल पुरा झाला, असे आम्ही म्हणू.