न दिसणाऱ्या पानांचा हिशेब

पत्ते हा शब्द कानी पडताच व्यापारी घराण्यांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती अकारण नसते. पत्त्यांपायी बसलेल्या पेढ्यांच्या कथा प्रत्येक गावी सांगितल्या जातात. तथापि ब्रिज या खेळाची प्रकृती निराळी आहे. त्याच्या स्पर्धांत तेच वाटप अनेक टेबलांवर खेळविले जाते आणि समान पानांवर कोणी अधिक साधले एवढेच मोजले जाते. नशिबाने दिलेली पाने सर्वांना सारखीच मिळत असल्यामुळे उरतो तो केवळ विवेक. हा विवेक यंत्राला शिकविता येईल काय, या प्रश्नामागे अमेरिकेतील मॅथ्यू गिन्सबर्ग यांनी आपल्या उमेदीची अनेक वर्षे वेचली.

गिन्सबर्ग मूळचे गणिताचे अभ्यासक. १९८० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यानंतर ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले. स्टॅनफर्ड व पुढे ओरेगॉन विद्यापीठात त्यांनी संशोधन केले. १९९३ मध्ये या विषयावरील त्यांचे पाठ्यपुस्तकही प्रसिद्ध झाले. त्या काळी साऱ्या जगाचे लक्ष बुद्धिबळाकडे लागले होते. मे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने विश्वविजेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. परंतु बुद्धिबळाचा पट उघडा असतो. राजा, वजीर, हत्ती, प्यादी दोघांनाही सारखीच दिसतात. यंत्राने पुढच्या खेळ्या शक्य तितक्या खोलवर मोजावयाच्या असतात. ब्रिजमध्ये मात्र डमीची पाने टेबलावर उघडी झाल्यानंतरही २६ पाने प्रतिस्पर्ध्यांच्या हातांत झाकलेलीच राहतात आणि ती दोघांत १ कोटी ४ लाख ६०० प्रकारे विभागलेली असू शकतात.

या अंधारातून गिन्सबर्ग यांनी काढलेली वाट साधी आणि चतुर होती. ‘जिब’ हे त्यांचे सॉफ्टवेअर प्रथम प्रतिस्पर्ध्यांची बोली आणि आतापर्यंतची उतारी यांच्याशी जुळतील अशी अनेक काल्पनिक वाटपे तयार करी. मग प्रत्येक वाटप जणू सर्व पाने उघडी आहेत असे मानून, बुद्धिबळाप्रमाणे शेवटपर्यंत मोजी. आणि बहुतेक वाटपांत जे पान हितकारक ठरेल तेच उतरवी. एकाच अंदाजावर सर्वस्व न लावता अनेक शक्यतांत टिकेल असा निर्णय घ्यावयाचा, हे अनुभवी आडत्याचेच सूत्र आहे.

झिया महमूद या विख्यात खेळाडूने कोणताही संगणक आपल्या संघाला हरवू शकणार नाही, अशी दहा लाख पौंडांची पैज लावली होती. ‘जिब’ची झेप पाहून ती त्याने मागे घेतली. १९९८ आणि १९९९ या दोन्ही वर्षी ‘जिब’ संगणकांच्या जागतिक ब्रिज स्पर्धेत अजिंक्य ठरले. १९९८ मध्येच फ्रान्समधील लील येथे ३४ नामांकित खेळाडूंसमवेत त्याला पाने खेळण्याच्या कठीण कोड्यांच्या स्पर्धेत उतरविण्यात आले. तेथे त्याचा क्रमांक बारावा लागला.

येथवरची कथा यशाची झाली. गिन्सबर्ग यांचे मोठेपण त्यापुढे दिसते. २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी आपल्याच निर्मितीचे वैगुण्य स्वच्छ शब्दांत मांडले. प्रत्येक काल्पनिक वाटप उघड्या पानांनी मोजले जात असल्याने, पुढच्या खेपेस आपल्याला सर्व काही कळलेलेच असेल, असा यंत्राचा ग्रह होई. त्यामुळे अवघड निर्णय ते पुढे ढकली. आणि केवळ माहिती मिळविण्यासाठी एखादे पान खेळून पाहावे, हे त्याला कधी सुचतच नसे. त्याच लेखात त्यांनी उपायाची दिशाही दाखविली. जमेबरोबर नावेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहिणारा हिशेबनीसच पेढीच्या विश्वासास पात्र ठरतो.

पुढे संगणकांच्या जागतिक स्पर्धेत ‘जॅक’ या डच सॉफ्टवेअरने आघाडी घेतली. ‘जिब’ मात्र निवृत्त झाले नाही. इंटरनेटवर ब्रिज खेळणाऱ्या असंख्य लोकांचा तो यांत्रिक भिडू बनला. स्वतः गिन्सबर्ग यांनी अनेक पर्यायांतून उत्तम पर्याय निवडण्याची हीच विद्या विमानांचे इंधन वाचविणारे मार्ग शोधण्याकडे वळविली. त्यांनी शब्दकोडी सोडविणारे ‘डॉक्टर फिल’ही घडविले. २०१२ च्या अमेरिकी शब्दकोडे स्पर्धेत त्याला १४१ वे स्थान मिळाले. पुढे बर्कली येथील संशोधकांच्या साहाय्याने २०२१ मध्ये ते सर्वांच्या पुढे गेले. त्यासाठी नऊ वर्षे लागली.

आपल्या तरुण पिढीने या कारकिर्दीतून घ्यावे असे पुष्कळ आहे. बाजारात बुद्धिबळाचा उघडा पट क्वचितच वाट्याला येतो. बहुधा समोरच्याची पाने झाकलेलीच असतात. सर्व कळेपर्यंत थांबू म्हणणाऱ्याची वेळ निघून जाते आणि काहीही न जाणता धाव घेणाऱ्याचे भांडवल. ज्ञात गोष्टींचा नीट हिशेब मांडावा, अज्ञाताचा शक्य तेवढा अंदाज घ्यावा, आवश्यक ती माहिती विचारून मिळवावी आणि वेळ आली की निःशंकपणे पान उतरवावे. निर्णय चुकलाच, तर ती चूक वहीत लिहून ठेवावी. पुढच्या डावाला तीच उपयोगी पडते.