परीघ हातात, व्यास पोटात

व्यास देऊन परीघ विचारणाऱ्या गणितांचा मला मनस्वी राग आहे. अहो, व्यास आधी मिळतोच कुणाला? वडाचा व्यास मोजायचा तर वड आडवा करावा लागेल! कवेत येतो तो परीघच. त्याला 22/7 ने भागा. पानही न हलता व्यास हजर. वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळत सात फेरे घालतात. त्या सात फेऱ्यांचं सूत मोजून बावीसने भागा, झाला व्यास! हे आमच्या मास्तरांनी कधी सांगितलं नाही. उलट 22/7 म्हणजेच पाय, असं छातीठोकपणे ठोकून दिलं. आर्यभटांनी इ. स. 499 मध्ये 20000 व्यासाला 62832 परीघ सांगितला, तोही ‘आसन्न’ म्हणून. म्हणजे जवळपास! आर्यभट ‘जवळपास’ म्हणायला लाजले नाहीत. मास्तर मात्र केसभरही हलले नाहीत.